टेपचं दुसरं टोक

तो झोपला होता, असं तुम्ही लिहिलंत.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. नाव मी घेत नाही. घाबरून नव्हे. तोंड कशाला विटाळायचं, म्हणून.

पुढे जे सांगतोय ते खरं आहे. भुताखेतांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी खुशाल हसावं. माझाही नव्हता. हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलं, आणि त्याचा शेवटचा भाग मी स्वतःच्या हाताने अनुभवलाय. हाताने म्हणजे खरोखर हाताने. ते पुढे येईलच.

भुतं रात्री येतात म्हणतात.

मी अनुभवलं ते भर दुपारी झालं. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागच्या पार्किंगमध्ये, परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी. ऊन असं होतं की स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली लपत होती.

ताई विद्यापीठाच्या बांधकाम विभागात होती. काम काय, तर पार्किंग आखायचं. ऐकून हसू येतं ना? आमच्या घरातही यायचं. कुणी विचारलं की आई म्हणायची, मुलगी इंजिनिअर आहे. पुढचं वाक्य गिळून टाकायची.

पण ते काम सोपं नाही. गाड्या दर वर्षी वाढतात, जमीन तेवढीच राहते. रेघा सरळ मारल्या तर गाड्या जास्त मावतात, पण मधली वाट रुंद लागते. रेघा तिरप्या मारल्या तर वाट अरुंद चालते, पण कोपरे फुकट जातात. ताई तासन् तास उन्हात उभी राहून बघायची, कोण कुठे गाडी लावतं. झाडाखालच्या जागा आधी भरतात. प्राध्यापक मंडळी फाटकाकडे तोंड करून लावतात, सगळ्यांच्या आधी पळता यावं म्हणून. ती म्हणायची, "इथे माणसाला टेकायला बाक नाही, पण गाडीला पाय पसरायला जागा हवी."

नोकरी कंत्राटी. दर वर्षी नवीन पत्र, दर वर्षी नवीन धाकधूक. घरी आली की चपला काढायच्या आधी भिंतीला टेकून उभी राहायची. बोलायला लागली की वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची.

आणि तिच्याबरोबर होते टोककाका.

टेपच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला ते. म्हणून टोककाका. खरं नाव विभागात कुणी वापरत नसे. वयाने आमच्या वडिलांएवढे. ताईला ताईच म्हणायचे, सगळे म्हणायचे म्हणून.

त्यांचा टेप फायबरचा, जुनापुराणा. पुढची कडी तुटलेली, सुरुवातीचे आकडे घासून पुसून गेलेले. ताईने नव्या टेपसाठी अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच : आहे त्यात भागवा. मग काकांनी जुना उपाय काढला. शून्य सोडूनच द्यायचं. एक मीटरचा आकडा भिंतीला टेकवायचा, आणि जे माप येईल त्यातून एक वजा करायचा. ताई विसरू नये म्हणून ते दर वेळी भिंतीकडून ओरडायचे.

"एकावर धरलंय, ताई."

मग टेपला दोन हिसके. म्हणजे, मी इकडे पक्का आहे, तू वाच.

ताईने माप टिपलं की ती म्हणायची, "सोडा काका." तोवर ते सोडत नसत. एकदा मानेवर गांधीलमाशी चावली तरी सोडलं नाही. नंतर भोपळ्यासारखी मान घेऊन हिंडत होते. ताई चिडली, म्हणाली, सोडायचं ना काका. तर हे शांतपणे म्हणतात, "तू कुठे सांगितलंस?"

असा माणूस.

ग्रंथालयामागचं पार्किंग नव्याने आखायचं ठरलं, तेव्हा ताईने लेखी मागितलं होतं की मापं घेऊ तेवढा दिवस ते बंद ठेवा. माणूस भिंतीपाशी उकिडवा बसतो, मागे घेणाऱ्या गाडीला दिसत नाही. तुम्ही म्हणालात, एक दिवससुद्धा बंद राहणार नाही. लोकांची गैरसोय होते.

झाली नाही कुणाची गैरसोय.

काका ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. टेप दोन्ही हातांत. ताई पलीकडे, कठड्यापाशी. मधे एक माल पोचवणारी व्हॅन आली आणि थेट मागे यायला लागली. ताई किंचाळली. व्हॅनच्या आवाजात काकांना काय ऐकू आलं, काय नाही, देव जाणे. एवढंच खरं, की ताईच्या हातातला टेप शेवटपर्यंत ताठ होता.

मग सैल पडला.

आता तुमची अडचण अशी झाली. काम चालू होतं म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो : मग पार्किंग बंद का नव्हतं? म्हणून चौकशीत तुम्ही सोपी वाट काढलीत. काम चालू नव्हतंच. मदतनीस भिंतीच्या आडोशाला जाऊन झोपला होता.

आणि हो. माणूस गेल्यावर आठवड्याच्या आत नवा टेप आला. कडी शाबूत, आकडे ठसठशीत.

मदतनीस मात्र आला नाही. ती जागा भरायची नाही असं ठरलं होतं.

ताई एकटीच मापं घ्यायला लागली. टेपची कडी भिंतीच्या कडेला ठेवायची, तिच्यावर वीट ठेवायची, आणि रीळ घेऊन कठड्यापर्यंत चालत जायचं. तिने मापं घेतली, नकाशा काढला, रंगाच्या ठेकेदाराला दिला. रंगाआधी चुन्याची फक्की टाकून रेघा बघतात. त्याने फक्की टाकली आणि ताईला बोलावलं.

शेवटच्या रांगेच्या रेघा कठड्यावर चढून फुलझाडांत गेल्या होत्या.

ठेकेदार म्हणाला, "ताई, गाड्यांची शेपटं कापून आणायला सांगू का?"

एक मीटर जास्त. जागा सतरा मीटर, ताईच्या नकाशात अठरा.

तिला वाटलं, आपणच चुकलो. जुन्या सवयीने काहीतरी गोंधळ केला असेल. दमलेला माणूस आधी स्वतःलाच दोष देतो, तो जवळ असतो ना. ठेकेदाराने कडी धरली, तिने पुन्हा मोजलं. सतरा. दुसऱ्या दिवशी खातरी करायला ती एकटी गेली.

अठरा.

परत गेली. परत अठरा.

तिसऱ्या वेळी ती कठड्यापाशी पोचली, रीळ हातात, टेप अजून जमिनीवर सैल पडलेला. ती ओढून ताठ करणार, तेवढ्यात...

टेप आपोआप ताठ झाला.

आणि दोन हिसके बसले.

तुम्हाला वाटेल ती ओरडली असेल. नाही. ती मला नंतर म्हणाली, "अरे, मला बरं वाटलं. इतके दिवस दोन्ही टोकं मीच सांभाळत होते." ती सवयीने "हं" म्हणाली, माप वाचलं, टिपलंसुद्धा. मग पेन थांबलं.

ती भिंतीपाशी गेली. वीट बाजूला ठेवलेली होती. पडलेली नव्हे, ठेवलेली. कडी मोकळी लोंबत होती. आणि टेपचा एक मीटरचा आकडा नेमका भिंतीला टेकलेला.

त्या आकड्यावर अंगठ्याचा ओला ठसा होता. घामाचा.

तिच्यादेखत तो उन्हात वाळत गेला... आणि नाहीसा झाला.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, रजा घे. मी म्हटलं, उन्हाचा त्रास. ती ताटातलं ताटात ठेवून उठली.

पण ते तिच्यापुरतं राहिलं नाही.

परीक्षेचा शेवटचा आठवडा होता. पार्किंग सकाळीच भरून जायचं, लोक एकमेकांच्या अंगावर गाड्या घालत होते. तरी भिंतीलगतची एक जागा रिकामी राहायची. रोज तीच. ताईने उभं राहून पाहिलं. गाडी यायची, मागे घ्यायला लागायची, आणि गाडीतला बीप सुरू व्हायचा. आधी सावकाश. मग घाईघाईने. मग एकच लांब सूर, मागे काहीतरी चिकटल्यासारखा.

माणूस उतरायचा. मागे बघायचा.

कुणी नाही.

पुन्हा बसायचा, पुन्हा मागे घ्यायचा, पुन्हा तोच सूर... मग शिवी देऊन गाडी दुसरीकडे न्यायचा. पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक तीनदा उतरले. सगळी शिकलेली माणसं. एकानेही कुणाला काही विचारलं नाही. रखवालदार म्हणाला, उन्हाने बिघडतं यंत्र. ताईने विचारलं, सगळ्यांचं? आणि त्याच जागेवर? त्याने तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश दुसरीकडे बघायला लागला.

त्याच आठवड्यात तुमच्या कचेरीतून ताईला बोलावणं आलं. जबाब टाइप करून तयारच होता. त्या दिवशी काम चालू नव्हतं, मदतनीस झोपलेला होता, मी लांब होते. खाली सही तेवढी बाकी. समोर तुमच्या हाताखालचे एक साहेब होते, फार गोड बोलले. म्हणाले, गेलेला माणूस काही परत येत नाही, राहिलेल्यांनी आपलं बघावं. पत्राची मुदत महिनाअखेर संपतेय, हेही सहज आठवल्यासारखं सांगितलं.

ताईने सोमवारपर्यंत वेळ मागितला.

घर तिच्या पगारावर चालत होतं, हे लपवत नाही. माझं तेव्हा धड काही चालत नव्हतं. ती सही करेल असंच मला वाटलं. खरं सांगतो, करावी असंही वाटलं.

मग ती काकूंकडे जाऊन आली. टोककाकांची बायको. काकूंनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, तिच्या नोकरीची चौकशी केली. भरपाईचा विषय ताईनेच काढला तर त्यांनी तो हातानेच बाजूला सारला. निघताना दाराशी म्हणाल्या, "हा माणूस घरातसुद्धा कधी दुपारी आडवा झाला नाही गं. काहीही लिहा म्हणावं. झोपला होता असं नका लिहू."

शुक्रवारी रात्री ताई मला म्हणाली, उद्या माझ्याबरोबर चल. टेप धरायचा नाहीस. फक्त माझ्या शेजारी उभा राहा. मला वेड लागलंय का, ते बघ.

शनिवार. परीक्षा संपलेल्या, पार्किंग जवळजवळ ओसाड. सुट्टीच्या दिवशी विद्यापीठाला एक वेगळीच शांतता असते, रिकाम्या वर्गासारखी. ताईने कडी भिंतीशी ठेवली. वीट ठेवली. आम्ही दोघं चालत कठड्यापर्यंत आलो.

मी भिंतीकडेच बघत होतो. डोळ्याची पापणी लवू दिली नाही. कुणीही आलं नाही.

पण टेप उचलला गेला.

जमिनीपासून हातभर वर. ताठ.

दोन हिसके.

ताईने माप वाचलं. अठरा. मग तिने कपाळावरचा घाम पुसला आणि अगदी रोजच्या आवाजात बोलली, कामावर बोलतात तसं.

"काका, टेप नवीन आलाय. कडी शाबूत आहे. आता वजा करायला नको. शून्यावर धरा."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग... टेप सरकायला लागला. ताईच्या बोटांमधून, हळूहळू, भिंतीपासून आमच्याकडे. कुणीतरी तिकडे हात बदलत पुढचं टोक शोधत असावं तसा. सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मग ताठ झाला.

सतरा.

ताई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग म्हणाली,

"सोडा काका."

टेप ताठ.

"झालं माप. टिपलं मी. सोडा आता."

टेप ताठच.

तिने रीळ माझ्या हातात दिलं. "धर जरा," म्हणाली, "माझे हात गेले." मी धरलं. आणि सांगतो, पलीकडे माणूस होता. खिळ्याला अडकलेला टेप वेगळा लागतो, माणसाने धरलेला वेगळा. माणसाचा किंचित हलतो. श्वास घेतो तसा.

तेवढ्यात एक काळी गाडी आत आली.

साहेब, तुमची.

ग्रंथालयात तुमची कसलीतरी बैठक होती. सगळ्या पार्किंगमध्ये सावलीचा हातभर पट्टा काय तो त्या भिंतीशी होता, म्हणून ड्रायव्हरने गाडी तिकडेच वळवली. मागे घ्यायला लागला. त्याच जागेवर, तशीच, टेपच्या अंगावरून.

ताई ओरडली. "काका, सोडा. गाडी येतेय."

माझ्या हातातला टेप तसूभरही ढिला झाला नाही. उलट घट्ट झाला. तिकडून कुणीतरी दोन्ही हातांनी आवळल्यासारखा.

बीप सुरू झाला. सावकाश. मग घाईघाईने. मग लांब सूर.

गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, मागे गेला, बघितलं. परत जाऊन बसला. आणि मग गाडी तशीच उभी राहिली. इंजिन चालू. काचा बंद. तो सूर चालूच. बराच वेळ.

मग गाडी झटक्यात पुढे आली आणि फाटकातून निघून गेली. बैठक राहिली.

ताईने माझ्याकडून रीळ घेतलं. टेप गुंडाळत गुंडाळत ती भिंतीकडे चालत गेली, एकेक मीटर कमी करत. मी कठड्यापाशीच उभा राहिलो. ती तिथे उकिडवी बसली. काहीतरी बोलली. टेप तिथेच ठेवून परत आली.

मी विचारलं, काय सांगितलंस?

"सही करणार नाही म्हटलं."

"मग? सोडला?"

तिने नकारार्थी मान हलवली. "माझ्या सांगण्याने नाही सोडत रे आता. ज्याने झोपला म्हटलंय, त्याने सांगायला हवं."

सोमवारी तिने सही केली नाही. महिनाअखेर तिचं पत्र आलं नाही. टेप कुणी उचलला, माहीत नाही. त्या जागेवर मात्र त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी मोठाल्या कुंड्या आल्या आणि साखळी लागली. एक दिवस पार्किंग बंद ठेवायला परवानगी नव्हती. ती जागा कायमची बंद करायला एक रात्र पुरली.

कुंड्यांच्या शेजारी गाडी लावणारे सांगतात, बीप अजून वाजतो.

ताई आता एका खासगी ठिकाणी आहे. दमते तशीच. तिथे टेपचं दुसरं टोक धरायला माणूस आहे, तरी ती दर वेळी विचारते, कुठे धरलंय? आणि उत्तर येईपर्यंत तिकडे बघत नाही. मी तर घरात पडद्याचं मापसुद्धा घेत नाही.

आता राहिलं एकच. तुमचा ड्रायव्हर. तो आता तुमच्याकडे नाही, त्यामुळे त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. तो ताईला भेटायला घरी आला होता. चहाला नको म्हणाला, उभ्याउभ्याच बोलला. तुमच्या गाडीला मागचं दाखवणारा पडदा आहे. बीप वाजल्यावर त्याने पडद्यावर बघितलं. तुम्हीही मागच्या सीटवरून पुढे वाकून बघितलंत. भिंतीला पाठ लावून एक माणूस बसलेला होता. दोन्ही हातांत टेप. मान वर करून तो थेट गाडीकडे बघत होता.

तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, "त्याला उठायला सांग."

तो उतरला. मागे कुणी नव्हतं. परत येऊन बसला.

पडद्यावर माणूस तसाच होता.

मग तुम्ही बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिलात. आणि मग म्हणालात, चल.

साहेब, भूत असतं की नसतं ते मी तुम्हाला विचारत नाही. पार्किंग बंद का ठेवलं नाही, तेही आज विचारत नाही. तुमचा कागद अजून तसाच आहे, काकू अजून वाट बघतायत, आणि तो माणूस अजून टेप धरून बसलाय.

तुम्ही त्याला तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत. मग आता सांगा.

तो झोपला होता का?